अक्का तोरणमाळहून उतरेनात

माझे सासरे जन्मभर धुळ्याच्या एका शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवत होते. घरात सगळे त्यांना नाना म्हणत आणि सासूबाईंना अक्का. नानांच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, महाबळेश्वर, माथेरान, उटकमंड, सिमला यांची समुद्रसपाटीपासूनची उंची तो फुटांत सांगणार. नानांनी स्वतः मात्र यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. समुद्र पाहिलेला नव्हता, आणि सपाटी म्हणाल तर धुळ्यापलीकडची तीही फारशी नाही. हे मी म्हणत नाही, अक्का म्हणत, आणि नाना घरात असताना म्हणत.

माझं माहेर सावद्याचं. म्हणजे पूर्व खानदेश, आणि धुळं पश्चिम खानदेशात. सरकारने एका खानदेशाचे दोन जिल्हे केले, पण माणसांनी त्याचे दोन देश करून टाकले. माझ्या माहेरी समजूत होती की केळी, पाणी आणि शहाणपण जळगावच्या बाजूला आलं, आणि धुळ्याच्या वाट्याला ऊन आलं. सासरी नेमकी उलट समजूत होती, फक्त उन्हाबद्दल दोन्हीकडे एकमत होतं. अक्का अहिराणी बोलत. आमच्या सावद्याकडची बोली वेगळी, त्यामुळे लग्नानंतर पहिले काही महिने त्या रागावल्यात की कौतुक करताहेत हे मला यजमानांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची. नाना नुकतेच निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी ते वाचनालयाच्या ओट्यावर जाऊन बसत. तिथे कोर्टातले एक निवृत्त शिरस्तेदार येत. त्या वर्षी हे शिरस्तेदार मुलाबरोबर महाबळेश्वरला जाऊन आले, आणि धुळ्याच्या वैशाखात, जिथे माणसं अंगातला सदराही ओला करून घालतात, तिथे गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून ओट्यावर बसू लागले. "सवय झाली हो थंडीची," असं म्हणत. रोज एक नवा पॉइंट सांगत. नानांना सगळ्या पॉइंटांची नावं पाठ होती, पण शिरस्तेदारांनी ते डोळ्यांनी पाहिले होते.

एका रात्री जेवायला पाटावर बसता बसता नानांनी जाहीर केलं, "आपण तोरणमाळला जाणार."

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोन आपण?"

"आपण म्हणजे आपण. तू, मी. सूनबाईही येईल. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच सातपुड्यात, तीन हजारांहून अधिक फुटांवर थंड हवेचं ठिकाण असताना लोक महाबळेश्वरला धावतात! हवापालट करायला हवा."

"मनी हवा चांगली शे," अक्का म्हणाल्या. "तुम्हनीच बिघडेल दिखस."

अक्कांच्या अडचणी खऱ्या होत्या. बिबड्यांची, म्हणजे उन्हाळी पापडांची, ज्वारी भिजत घातलेली होती. गाय होती. पांझरा नदीचं पाणी आटलं होतं, त्यामुळे पाणी भरायची वेळ सांभाळावी लागे. नानांनी एकेका अडचणीचं निरसन केलं, म्हणजे प्रत्येक काम दुसऱ्या कोणावर तरी ढकललं. गावातच दिलेली माझी नणंद घर बघायला येणार, बिबडे तीच घालणार, गाय माझे यजमान बघणार. यजमानांनी तेव्हापर्यंत गाईला फक्त लांबून पाहिलं होतं. जंगल खात्यात नानांचा एक जुना विद्यार्थी होता, त्याने वरच्या बंगल्यात राहायची परवानगी काढून दिली. सगळी दारं बंद झाल्यावर अक्का म्हणाल्या, "बरं, चाला. पन आठ दिनस्ना वर मी राहाव नही."

सामान बांधताना दोघांचा स्वभाव उघडा पडला. अक्कांनी बाजरीचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, उडदाची डाळ, तेलाचा डबा, मिरच्या, लसूण आणि खलबत्ता घेतला. नानांनी नकाशा, छत्री, दोन इतिहासाची पुस्तकं आणि शाळेतून मागून आणलेला थर्मामीटर घेतला. थर्मामीटर त्यांनी धोतराच्या घडीत, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसा गुंडाळला होता.

धुळ्याहून आम्ही सर्व्हिस मोटारीने शहाद्याला निघालो. तापीच्या पात्रात वाळूत मोटार रुतली. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं आणि पुरुषांना ढकलायला लावलं. नानांनी मोटारीला एक हात लावला आणि दुसऱ्या हाताने नदी दाखवत शेजारच्या व्यापाऱ्याला सांगितलं, "तापी ही पश्चिमवाहिनी आहे, लक्षात आलं का? महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहतात." व्यापारी घामाघूम होऊन म्हणाला, "गुरुजी, ती कुठेही वाहू द्या, तुम्ही जरा जोर लावा." अक्का केव्हाच लुगडं वर खोचून घोटाभर पाण्यातून चालत पलीकडे पोहोचल्या होत्या आणि काठावरच्या झाडाखाली बसून आमची वाट बघत होत्या.

शहाद्याहून पुढे बैलगाडी. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, आणि डोंगर अंगावर आला. सावद्याला आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसायचा, पण तो निळ्या पाटीवर कोणी रेघ ओढावी तसा. इथे तो मान वर केल्याशिवाय संपत नव्हता. पायथ्याशी बंगल्याचा राखणदार आम्हाला घ्यायला आला होता. हा सातपुड्यातल्या पावरा आदिवासींपैकी, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याने सामानासाठी दोन गडी, नानांसाठी एक तट्टू आणि अक्कांसाठी डोली आणली होती.

डोली बघून अक्का दोन पावलं मागे सरल्या. "चार जणस्ना खांदावर माले आतेच जावानं नही," असं म्हणून त्यांनी चढायला सुरुवात केली. सातपायरीचा तो घाट, वळणावर वळण, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी अक्कांच्या मागे धापा टाकत होते. तट्टू नानांना घेऊन आमच्या पुढे गेलं. नानांचे डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ हलत होते. मला वाटलं, निसर्ग बघून सासरे स्तोत्र म्हणताहेत. मी अक्कांना तसं म्हणालेही. अक्कांनी तट्टूवाल्याला हाक मारून सांगितलं की जनावराला कड्याच्या बाजूने नेऊ नकोस.

वर पोहोचलो आणि डोंगर संपला. वर एवढी सपाट, मोकळी जमीन असेल असं मला वाटलं नव्हतं. मधोमध तलाव, भर वैशाखात काठोकाठ नसला तरी चांगला भरलेला. एका बाजूला गोरखनाथांचं देऊळ, पडक्या तटाचे दगड, आणि लांब लांब विखुरलेली पावऱ्यांची बांबूच्या भिंतींची घरं. एका घरापासून दुसऱ्या घराला हाक ऐकू जाईल एवढंच अंतर, भांडण ऐकू जाणार नाही. तलावावरून वारा आला. धुळ्यात वारा आला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. इथे अक्का पदर सोडून त्या वाऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.

"हवा!" नाना तट्टूवरून उतरून म्हणाले. त्यांचा रंग जरा पांढरा पडला होता. "बघितलीस हवा? याला म्हणतात थंड हवेचं ठिकाण."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी थर्मामीटर काढला. ऊन चांगलंच होतं. धुळ्याइतकं नाही, पण शिरस्तेदारांना सांगण्यासारखंही नाही. नानांनी तो व्हरांड्यातून झाडाखाली नेला. तिथेही पारा हटून बसला. मग तलावाच्या काठी नेला, ओल्या दगडावर ठेवला. अक्का दारात बसून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "त्याले पदर भिजाडीसन गुंडाळा. मंग थंड व्हई."

"हे शास्त्र आहे," नाना म्हणाले.

"व्हई ना. मी कोठे नही म्हनी?"

संध्याकाळनंतर मात्र खरोखरच गारवा येई आणि पहाटे तर घोंगडी पुरत नसे. पण तेव्हा थर्मामीटर बघायला नाना अंथरुणाबाहेर निघत नसत.

पहिले काही दिवस नानांचे आनंदात गेले. ते मला पडक्या तटाजवळ नेत आणि इतिहास सांगत. मांडूच्या राजांचा इथे अंमल होता, मग फारुकी आले, मग मोगल, मग मराठे. इंग्रजांनाही म्हणे इथे गोऱ्या लोकांसाठी थंड हवेचं ठिकाण करायचं होतं, पण हिवतापाने त्यांना पिटाळून लावलं. मला ते ऐकायला आवडे, कारण नाना खरोखर चांगलं सांगत. राजे त्यांच्या तोंडून शेजारच्या गल्लीतल्या माणसांसारखे भांडत. ऐकायला राखणदारही येऊन बसे. मात्र तलावावरून दोघांचं पटेना. नाना म्हणत, तलाव एका राजाने बांधून घेतला. राखणदार म्हणे, गोरखनाथाने चिमटा मारला आणि पाणी निघालं. नानांनी त्याला दगडांची जुळणी दाखवली. राखणदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. चिमटा इथेच मारला." दुसऱ्या दिवशी दोघांनी पहिल्यापासून तेच पुन्हा सुरू केलं. मला वाटतं दोघांनाही त्यात गंमत येत होती.

अक्कांचं मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अक्का झोपलेल्या. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, उजाडल्यावर अक्कांना आडवं झालेलं मी पाहिलेलं नव्हतं. अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. नाना दारात येऊन हळूच म्हणाले, "हिला बरं नाही का?" मी म्हटलं, झोपल्यात. नानांना ते पटेना. ते थोड्या थोड्या वेळाने येऊन बघून जात. शेवटी अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "जित्ती शे मी. जा."

त्या दिवशी त्या दुपारपर्यंत झोपल्या. उठून माझ्या हातची भाकरी खाल्ली, भाकरी जाड झाली असं सांगितलं आणि परत झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मला कळेना काय करावं. एका बाईची वर्षानुवर्षांची झोप साठलेली असू शकते, आणि ती एखाद्या डोंगरावर अशी एकदम बाहेर येऊ शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

मग एका सकाळी अंथरूण रिकामं दिसलं. मी घाबरून बाहेर आले. वर अस्वलं आहेत असं नानांनीच वाचून सांगितलं होतं. राखणदार म्हणाला, "बाई तिकडे गेली, खडकावर." तलावापलीकडे मोठे सपाट खडक होते. तिथे त्याची बायको आणि आणखी चार-पाच पावरा बाया कैऱ्यांच्या ढिगाऱ्याभोवती बसल्या होत्या. सातपुड्यात आंबा रानोमाळ. वैशाखात तिथल्या बाया कैऱ्या सोलून, चिरून खडकावर वाळवतात. तेच आपल्याकडे बाजारात येणारं आमचूर. त्या बायांमध्ये अक्का फतकल मारून बसल्या होत्या, हातात सुरी, आणि सगळ्या बाया त्यांच्याकडे बघून पोट धरून हसत होत्या.

झालं होतं असं, की अक्का जन्मभर विळीवर चिरत आलेल्या. हातात सुरी धरून कैरी सोलायचा त्यांना सराव नव्हता. राखणदाराची बायको तीन कैऱ्या सोले तोवर अक्कांची एक होई, आणि तीही अशी की गर सालीबरोबर गेलेला. धुळ्याला कोणी अक्कांच्या कामाला हसलं असतं तर त्या घरात चार दिवस चूल शांत राहिली नसती. इथे त्या स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये वं पोरी, बस. आठे बठ्ठ्या माले येडी म्हनतस." इथे सगळ्याजणी आपल्याला वेडी म्हणतात, हे त्या मिरवून सांगत होत्या.

त्या बाया त्यांच्या बोलीत बोलत, अक्का अहिराणीत. निम्मं एकमेकींना कळे, उरलेल्या निम्म्यावर त्या हसत. घरी यायला अक्कांना संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्या खडकावर आणि मी बंगल्यात, असा नेम झाला. पुढे मीही जाऊ लागले. आम्ही कैऱ्या चिरत असू, त्या बाया आम्हाला मोहाच्या फुलांचं काय काय करतात ते सांगत, कधी कमळाच्या तळ्याकडे नेत, कधी रानातून. एकदा अक्का येताना पदरात चारोळ्या घेऊन आल्या. एकदा केसांत कुठलंसं पांढरं रानफूल होतं, आणि ते आपल्या केसांत आहे हे त्या विसरून गेल्या होत्या. नानांनी ते पाहिलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

आठ दिवस होत आले तसे नाना सुकू लागले. पहाटेच्या गारव्याने त्यांना पडसं झालं, गुडघे धरले. डोक्याला फडकं, कानाला मफलर, अंगावर घोंगडी, असे ते व्हरांड्यात बसून राहत. वर्तमानपत्र येत नव्हतं. राखणदाराला सांगायला मांडूचे राजे उरले नव्हते. "जगात काय चाललंय कोणास ठाऊक," असं ते दर तासाला म्हणत. जग म्हणजे वाचनालयाचा ओटा हे आम्हाला माहीत होतं.

"उद्या निघू," एका सकाळी ते म्हणाले. "राखणदाराला सांगितलंय, तट्टू आणेल."

अक्का खडकावर जायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. "तुम्ही जा."

"म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही जा. मी आठेच राहसू. आखो पंधरा दिन तरी."

नानांना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं. मफलर कानावरून काढून त्यांनी परत विचारलं. अक्कांनी परत तेच सांगितलं, त्याच आवाजात.

"तूच म्हणाली होतीस, आठ दिवसांवर राहणार नाही!"

"म्हनी व्हती. तवय मी खाले व्हतू, आते वर शे."

"आणि घर? गाय? बिबडे?"

"बिबडा पोरनी घाल्यात. गाय पोरगा देखस. तुम्हीच तर बठ्ठं ठराईसन उनात."

नाना माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू सांग हिला." मी खलबत्त्यात लसूण घातला आणि कुटायला लागले. माझ्या आयुष्यात इतकं मन लावून मी लसूण कधी कुटला नाही.

मग नाना रागावले. ते क्वचित रागावत आणि रागावले की शुद्ध मराठी बोलत. "ठीक आहे. मी एकटा प्रस्थान ठेवतो," असं म्हणून दुसऱ्या सकाळी ते खरोखरच निघाले. अक्कांनी त्यांना भाकरी आणि ठेचा बांधून दिला. तट्टू, राखणदार आणि नाना घाटाच्या दिशेने गेले. अक्का दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, ते घरी चहा कसा करून घेतील? चूल कुठे आहे तेही त्यांना माहीत नाही." अक्का म्हणाल्या, "माले माहीत शे. त्यास्ले बी माहीत शे." आणि कैऱ्या चिरायला निघून गेल्या.

दुपारी जेवणाच्या सुमारास नाना परत आले. भाकरी तशीच बांधलेली. तट्टूवरून उतरून त्यांनी घसा साफ केला आणि मला, म्हणजे खरं तर माझ्या मागे उभ्या असलेल्या अक्कांना, म्हणाले, "सीताखाई बघायची राहिली. भूगोलाच्या दृष्टीनं ती महत्त्वाची आहे. न बघता जाणं बरोबर नाही."

"मी देखेल शे," अक्का म्हणाल्या. "चाला, दाखाडस."

ऊन उतरल्यावर आम्ही तिघं निघालो. अक्का पुढे. पायवाट त्यांच्या पायाखालची झालेली दिसत होती. रान एकदम संपलं आणि समोर जमीन फाटल्यासारखी ती खाई उघडली. पावसाळ्यात तिथे पाणी कोसळतं. आम्ही गेलो तेव्हा कोरडी होती. खाली झाडं मेथीच्या वाफ्यासारखी दिसत होती. समोरच्या कड्यावरून एक घार आमच्या खालून उडत गेली. घारीची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी वळून पाहिलं तर नाना नव्हते. ते बरेच मागे, एका झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, डोळे मिटून बसले होते. कपाळावर घाम.

"काय झालं, नाना?"

"काही नाही. मला उंचावरून खाली बघवत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "लहानपणापासून. गरगरतं. लळिंगच्या किल्ल्यावर मुलांची सहल न्यायची तर मी शिपायाला पाठवायचो. घाटात आज पहिल्या वळणापर्यंत गेलो. तट्टू कडेला गेलं. राखणदार म्हणाला, डोळे मिटा. येताना मिटले होते, पण येताना मागे तुम्ही होता." थोडं थांबून ते म्हणाले, "हिला सांगू नकोस."

अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या. "माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "लगीन झायं तवयपासून. गच्चीवर कधी तुम्ही कठड्यापाशी गयात का?"

जन्मभर उंची शिकवणाऱ्या माणसाला उंचीची भीती, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. पुढे आलं, पुष्कळदा आलं. पण तेव्हा नाना इतके लहान दिसत होते की हसू आलं नाही. अक्का त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "उठा. डोळा मिटी ठेवा. मी सांगस तशे चाला." पावला पावलाने त्यांनी त्यांना कड्यापासून चार हातांवर एका दगडापर्यंत आणलं, बसवलं, आणि स्वतः त्यांच्या पुढ्यात, कड्याच्या बाजूला बसल्या. "आते उघडा. मना खांदावरथीन देखा."

नानांनी डोळे उघडले. अक्कांच्या खांद्यावरून त्यांनी सीताखाई पाहिली. नाना काही बोलले नाहीत असा तो माझ्या आठवणीतला सगळ्यांत मोठा काळ. मी जरा लांब जाऊन बसले, कारण त्यांनी अक्कांचा हात सोडलेला नव्हता, आणि त्या काळी सुनेने असं काही बघायचं नसे.

आम्ही पुढे आणखी पंधरा-वीस दिवस राहिलो. नानांचं पडसं गेलं. वर्तमानपत्राची आठवण कमी झाली, गेली नाही. ते रोज खडकावर येऊन बसत आणि बायांना आंब्याच्या जातींचं काहीतरी सांगत. बाया त्यांच्या हातात सुरी देत. त्यांना कैरी अक्कांपेक्षाही वाईट सोलता येई, त्यामुळे अक्कांची सुटका झाली. आभाळात ढग दिसायला लागले तेव्हा राखणदारच म्हणाला, आता उतरा, पाऊस लागला की घाट बंद. उतरताना अक्का कड्याच्या बाजूने तट्टूला धरून चालल्या आणि नाना डोळे मिटून मांडूच्या राजांची नावं म्हणत राहिले.

धुळ्यात आल्यावर नाना वाचनालयाच्या ओट्यावर गेले आणि शिरस्तेदारांना सगळं सांगितलं. म्हणजे सीताखाईची खोली सांगितली, खाई कोणाच्या खांद्यावरून पाहिली ते सोडून. शिरस्तेदारांनी विचारलं, "तिथे बाजार आहे का? फिरायला रस्ता?" नाना म्हणाले, "नाही." "मग आहे काय?" यावर नानांनी असं काही वर्णन केलं की ओट्यावरची सगळी मंडळी पेटली. हिवाळ्यात चार प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या घरी जमले. तोरणमाळला पक्का रस्ता व्हावा, तिथे बाजार, बंगले, टपाल यावं, खानदेशाचं महाबळेश्वर व्हावं, असा सरकारला अर्ज करायचं ठरलं. मजकूर नानांनी सांगितला. शिरस्तेदारांनी लिहिला, कारण कोर्टाचं वळण त्यांच्या हातात होतं.

अक्का आणि मी आतून चहा देत होतो. मंडळी गेल्यावर अक्का कप गोळा करत म्हणाल्या, "रस्ता व्हई गया की बठ्ठा वर येतीन, अन् तुम्हनासारखा भाषन करतीन. त्या बायास्नी कैऱ्या कवय वाळाडाव्या?"

"प्रगती म्हणतात याला," नाना म्हणाले, पण फार जोर नव्हता.

अर्जाचं उत्तर आलं नाही. पुढे लढाई सुरू झाली आणि सरकारला रस्त्यांपेक्षा दुसऱ्या चिंता लागल्या. नाना अधूनमधून चौकशी करत. अक्का कधीच करत नसत, आणि टपालवाला काही न देता पुढे गेला की त्यांचा चेहरा मला प्रसन्न वाटे. माझ्या माहेरी ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा माझे वडील म्हणाले, "तोरणमाळचं काय घेऊन बसलीस? आमचं पाल काय कमी आहे? रावेरच्या वर, सुकी नदीच्या काठी, काय हवा आहे!" मी विचारलं, "तुम्ही गेलात का कधी?" ते म्हणाले, "जायचं आहे."

पेट्रोलवर बंधनं येण्याआधीच्या उन्हाळ्यात नाना-अक्का पुन्हा निघाले. मला त्या वेळी दिवस गेले होते, म्हणून मी घरी राहिले. नानांनी या खेपेला थर्मामीटर घेतला नाही, पुस्तकंही नाहीत. अक्कांनी बिबड्यांची आठवणसुद्धा काढली नाही, फक्त पावऱ्यांच्या बायांसाठी मिठाची पिशवी आणि बांगड्या घेतल्या. मी आणि यजमान त्यांना मोटारीपर्यंत पोहोचवायला गेलो. मोटार सुटायला वेळ होता. खिडकीशी कोणी बसायचं यावरून दोघांचं सुरू झालं. नाना म्हणत होते, तापी आली की हिला दाखवायची आहे. अक्का म्हणाल्या, "मी देखेल शे तापी. मी पायी उतरेल शे." शेवटी अक्का खिडकीशी बसल्या आणि नाना त्यांच्या पलीकडे मान लांब करून बाहेर बघू लागले.